बाबांचा लिम्फोमा परत आला: अँटिबॉडीला किरणोत्सारी अणू जोडून देतात ते इंजेक्शन नागपुरात मिळतं का?

संत्राबाग | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. इथं पाच-सहा वर्षांपासून वाचते, लिहायची वेळ आज आली. पोस्ट लांब होणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

बाबा ६८ वर्षांचे. काटोलजवळ आमची साडेचार एकर संत्र्याची बाग आहे. २०१९ च्या पोळ्याच्या दिवशी दाढी करताना त्यांच्या बोटांना जबड्याखाली गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर कोणाजवळ बोलले नाहीत. आईच्या लक्षात आलं तेव्हा ती सुपारीएवढी झाली होती. नागपुरात बायोप्सी केली, फॉलिक्युलर लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिका ग्रंथींचा हळू वाढणारा कॅन्सर. ऑक्टोबरपासून बेंडामस्टिन (केमो) आणि रितुक्सिमॅबच्या सहा सायकल झाल्या. शेवटची मार्च २०२० मध्ये, लॉकडाउन लागायच्या तीन आठवडे आधी. नंतरचा पेट-सीटी (अंगात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारं स्कॅन) स्वच्छ आला आणि पाच वर्षं बाबा आजार जवळजवळ विसरून गेले होते. आई आणि मी विसरलो नव्हतो.

यंदा फेब्रुवारीत मृगाच्या बहाराचा तोडा चालू होता तेव्हा त्यांचा डावा पाय सुजायला लागला. दिवसभर बागेत उभं राहून होत असेल असं वाटलं. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्याची खाच पायावर तासभर तशीच राहायची. शेवटी सोनोग्राफी केली. डाव्या जांघेत साडेपाच सेंटीमीटरची गाठ. पेटमध्ये मान, पोट, जांघ तिन्हीकडे दिसलं. डॉक्टरांनी पुन्हा बायोप्सी आणि बोन मॅरो (हाडातल्या मज्जेची तपासणी) सांगितलं आहे, ते या आठवड्यात होईल.

आता प्रश्न. टोरोंटोच्या आत्येभावाने काल फोन करून सांगितलं की लिम्फोमावर रेडिओइम्युनोथेरपी म्हणून एक उपचार आहे. झेव्हॅलिन नाव. अँटिबॉडीला किरणोत्सारी यिट्रियम बांधून शिरेतून देतात, ती थेट गाठीत जाऊन बसते, एका डोसात काम होतं, केस जात नाहीत. हे ऐकल्यापासून आईने एकच धरून ठेवलं आहे, "एकाच सुईत होत असेल तर बाबांना सहा महिने कशाला फिरवायचं?" मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "ते आता कोणी देत नाही," आणि पुढच्या पेशंटची फाईल उघडली. बाहेर तीस-चाळीस लोक बसले होते, डॉक्टरांचंही बरोबर असेल. पण घरी येऊन आईला काय सांगू ते मला कळलं नाही.

हे नक्की काय आहे? चांगलं असेल तर कोणी देत का नाही? आणि मिळवायचं ठरवलं तर कुठे जायचं?

जुनीशुक्रवारी | सोमवार, रात्री ११:१५

पोरी, औषधातलं मला काही समजत नाही. पण माझ्या भावाला हाच आजार २०१४ पासून आहे. तीनदा परत आला, तिन्हीवेळा उपचार घेतला आणि आज तो महालातल्या दुकानात बसून राहिला आहे. या प्रकारात परत येणं म्हणजे सगळं संपलं असं नसते. आईला हे आधी सांग, बाकीचं नंतर. जाणकार लोक आहेत इथं, ते सांगतीलच.

गॅमाकॅमेरा | मंगळवार, सकाळी ६:५०

संत्राबाग ताई, मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये (किरणोत्सारी औषधांनी तपासणी-उपचार करणारा विभाग) टेक्नॉलॉजिस्ट आहे, १४ वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे बाबांनी काय घ्यावं हे मी सांगणार नाही. ही गोष्ट काय आहे तेवढं नीट सांगतो, कारण तुमच्या आत्येभावाने सांगितलेलं खोटं नाही, अर्धं आहे.

बी-पेशी म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी. त्यांच्या लिम्फोमात जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर सीडी२० नावाचं प्रथिन असतं. बाबांनी २०१९ मध्ये घेतलेलं रितुक्सिमॅब याच सीडी२०ला चिकटणारी अँटिबॉडी आहे. एकाच जातीची अँटिबॉडी हवी तितकी तयार करण्याची रीत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला शोधली, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उंदराच्या पेशींपासून तयार केलेली इब्रिटुमोमॅब ही सीडी२०ची मूळ अँटिबॉडी. तिचा बराचसा भाग मानवी करून रितुक्सिमॅब तयार झालं. म्हणजे झेव्हॅलिन आणि रितुक्सिमॅब एकाच घरातले.

झेव्हॅलिनमध्ये त्या उंदराच्या अँटिबॉडीला एका रासायनिक चिमट्याने यिट्रियम-९० पकडून ठेवलेलं असतं. यिट्रियम-९० मधून फक्त बीटा कण, म्हणजे वेगाने जाणारे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. शरीरात ते जास्तीत जास्त ११ मिलिमीटर जातात आणि बहुतेक ऊर्जा पहिल्या पाचेक मिलिमीटरमध्येच सोडतात. त्याचा अर्धायुकाल ६४ तास, म्हणजे पावणेतीन दिवसांत निम्मं संपतं. याचा खरा फायदा असा की गाठीतल्या प्रत्येक पेशीला अँटिबॉडी चिकटायलाच हवी असं नाही. शेकोटीजवळ बसलेल्या सगळ्यांना ऊब लागते, त्यासाठी प्रत्येकाने जळत्या लाकडाला हात लावायची गरज नसते. ज्या पेशीवर सीडी२० कमी आहे किंवा जी गाठीच्या आत खोल आहे, तिलाही शेजारणीवर बसलेल्या यिट्रियमचा मार बसतो. साध्या रितुक्सिमॅबला हे जमत नाही.

देण्याची पद्धत अशी: पहिल्या दिवशी साधं रितुक्सिमॅब, कमी मात्रेत. सात ते नऊ दिवसांनी पुन्हा साधं रितुक्सिमॅब आणि त्यानंतर लगेच यिट्रियमवालं. आधीचं साधं औषध रक्तातल्या आणि प्लीहेतल्या मोकळ्या बी-पेशी व्यापून टाकतं, म्हणजे महागाचं 'गरम' औषध वाटेत अडकत नाही, गाठीपर्यंत पोचतं. प्रत्यक्ष गरम इंजेक्शनला दहा मिनिटं लागतात. सिरिंजभोवती शिशाऐवजी जाड ॲक्रिलिकचं आवरण असतं. बीटा कण शिशावर आपटले की क्ष-किरण निघतात, ॲक्रिलिकमध्ये ते फार कमी निघतात. ट्रेनिंगमध्ये आम्हाला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं. पेशंट त्याच दिवशी घरी जातो. नातवंडांपासून लांब राहायची सक्ती नसते, काही दिवस लघवी-रक्ताच्या बाबतीत स्वच्छता पाळावी लागते, तेवढंच.

त्याचा जोडीदार होता बेक्सार. त्यात यिट्रियमच्या जागी आयोडीन-१३१, आपण थायरॉइडला देतो तेच. त्यातून गॅमा किरणही निघतात, त्यामुळे गॅमा कॅमेऱ्यावर तीन वेगवेगळ्या दिवशी पेशंटचं स्कॅन करून त्याच्या शरीरात औषध किती वेगाने उतरतं ते मोजायचे आणि त्यावरून त्याचा डोस काढायचे. थायरॉइड वाचवायला आधीपासून आयोडाइडचे थेंब. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही पद्धत फार देखणी वाटते, कारण प्रत्येक माणसाचा डोस खरोखर त्याच्याच मापाचा असायचा.

अमेरिकेत झेव्हॅलिनला २००२ मध्ये परवानगी मिळाली, बेक्सारला २००३ मध्ये. बेक्सार २०१४ मध्ये कंपनीने बंद केलं. मी नागपुरात झेव्हॅलिन दिलेलं एकदाही पाहिलेलं नाही. ड्यूटीवर निघतोय, बाकी रात्री.

संत्राबाग | मंगळवार, दुपारी १:२०

दादा, पहिल्यांदाच कोणीतरी समजेल असं सांगितलं. जेवताना आईला शेकोटीचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग इतकं चांगलं होतं तर बंद का पडलं? माझाही तोच प्रश्न.

बकुळ | मंगळवार, दुपारी ३:०५

मूळची मी धरमपेठेतली, आता वीस वर्षं न्यू जर्सीत. माझ्या मोठ्या दिरांना २०११ मध्ये झेव्हॅलिन दिलं होतं, फॉलिक्युलरच, दुसऱ्यांदा परत आल्यावर. आमच्या घरात काय घडलं ते सांगते.

इंजेक्शनचा दिवस अगदी साधा गेला. दुपारी परत आले आणि संध्याकाळी पोळी-भाजी जेवले. उलटी नाही, केस गेले नाहीत. पहिला महिना आम्ही देवाचे आभार मानत होतो. नर्सने मात्र आधीच बजावलं होतं की दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत निर्धास्त व्हायचं नाही. तसंच झालं. सातव्या आठवड्यात प्लेटलेट २६ हजारांवर आले. हिरड्यांतून रक्त, पायांवर मोहरीएवढे लाल ठिपके. दोनदा प्लेटलेट चढवाव्या लागल्या. ते सगळं वर यायला बारा आठवडे लागले. केमोत रक्त दहा-बारा दिवसांत खाली जातं आणि वर येतं, याचं तसं नव्हतं. हळू खाली गेलं आणि हळूच वर आलं.

त्यानंतर साडेपाच वर्षं ते पूर्ण बरे होते. या काळात मुलीचं लग्न केलं, नागपूरला दोनदा येऊन गेले. मग परत आला, तेव्हा दुसरं औषध दिलं. आजही आहेत. मला विचाराल तर त्या एका इंजेक्शनने आम्हाला साडेपाच वर्षं दिली. पण "एका सुईत काम झालं" असं म्हणताना त्या बारा आठवड्यांचाही हिशेब धरा.

अंबाझरीकाठ | मंगळवार, सायंकाळी ५:४०

प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस द्या, डेंग्यूत माझ्या पुतण्याला खूप गुण आला. रेडिएशनच्या वाटेला जाऊच नका, शरीर आतून भाजून निघतं.

मेणाचाब्लॉक | मंगळवार, रात्री ९:१०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अंबाझरीकाठ, तुमचा हेतू चांगला आहे हे मान्य. डेंग्यूत विषाणूचा जोर ओसरला की प्लेटलेट आपोआप वाढतात, कारण मॅरो निरोगी असते. इथं मॅरोमध्येच लिम्फोमा बसलेला असू शकतो. ज्या कारखान्यात माल तयार होतो तिथलीच जागा अडली असेल तर पानाचा रस काय करणार? ताई, घरी काही काढा, रस, चूर्ण चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका. या औषधांबरोबर यकृतावर काय होईल ते त्यांना कळलं पाहिजे.

आता मुख्य. या उपचाराचं सगळं गणित मॅरोवर उभं आहे, आणि त्याबद्दल इथं अजून कोणी बोललेलं नाही. अँटिबॉडी सीडी२० जिथं असेल तिथं जाते. मॅरोत लिम्फोमा असेल तर ती तिथंही जाणार आणि तिच्याबरोबर यिट्रियमही. आजूबाजूच्या पाच मिलिमीटरमध्ये तुमच्या रक्त तयार करणाऱ्या निरोगी पेशी आहेत, त्याही होरपळणार. गॅमाकॅमेरांनी सांगितलेली शेकोटीची ऊब इथं उलटते. म्हणून नियमच आहे: मॅरोचा २५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग लिम्फोमाने व्यापला असेल तर द्यायचं नाही. प्लेटलेट १ लाखाच्या खाली असतील तरी नाही. दीड लाख किंवा जास्त असतील तर किलोमागे ०.४ मिलीक्युरी (किरणोत्साराचं माप), १ ते दीड लाखाच्या मध्ये असतील तर ०.३, आणि कोणालाही एकूण ३२ च्या वर नाही. बाबांचं वजन ६२ किलो धरलं आणि प्लेटलेट सव्वा लाख असतील तर साडेअठरा मिलीक्युरीच्या आसपास येतं.

आणि बायोप्सी टाळू नका. पेटवर गाठ दिसली म्हणजे ती जुनीच आहे असं गृहीत धरता येत नाही. फॉलिक्युलर कधी कधी रूप बदलून वेगाने वाढणारा मोठ्या पेशींचा लिम्फोमा होतो, मग उपचार सगळाच बदलतो. पेटमध्ये जी गाठ सगळ्यात जास्त पेटलेली दिसते तिचा तुकडा घ्यायला सांगा. रितुक्सिमॅबनंतर काही जणांच्या पेशींवरचं सीडी२० निघून जातं, तेही नव्याने तपासावं लागतं. रितुक्सिमॅब पुन्हा सुरू होण्याआधी हेपटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, अँटी-एचबीसी सुद्धा. जुना सुप्त विषाणू या औषधाने जागा होतो.

२०१९ चा ब्लॉक तुमच्याकडे आहे का? मेणात बसवलेला तो तुकडा पेशंटचा असतो, मागून घ्या.

गॅमाकॅमेरा | मंगळवार, रात्री १०:३०

वरचं सगळं बरोबर. बंद का पडलं, त्यावर.

गुण येत नव्हता म्हणून बंद पडलं असा समज बऱ्याच डॉक्टरांचाही असतो. तसं नाही. २००२ मध्ये १४३ पेशंटची चाचणी प्रसिद्ध झाली, अर्ध्यांना नुसतं रितुक्सिमॅब आणि अर्ध्यांना झेव्हॅलिन. गाठी कमी होण्याचं प्रमाण ५६ टक्के विरुद्ध ८० टक्के, आणि पूर्ण नाहीशा होण्याचं १६ विरुद्ध ३०. २००८ मध्ये ४१४ पेशंटची दुसरी आली. पहिल्या केमोनंतर ज्यांचा आजार आटोक्यात आला त्यांना एक डोस झेव्हॅलिन. आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा मधला काळ तेरा महिन्यांवरून साडेछत्तीस महिन्यांवर गेला. पुढे आठ वर्षांनी पाहिलं तेव्हाही ४१ टक्के पेशंट आजार न वाढता होते, दुसऱ्या गटात २२. हेही सांगायला हवं की त्या चाचणीतल्या बहुतेकांना आधीच्या केमोत रितुक्सिमॅब मिळालेलं नव्हतं, आज ते सगळ्यांनाच मिळतं. आणि झेव्हॅलिनच्या गटात नंतर मॅरोचे गंभीर आजार, एमडीएस (मॅरो नीट रक्त तयार करत नाही तो आजार) आणि ब्लड कॅन्सर, थोडे जास्त झाले, सुमारे ३ टक्क्यांमध्ये.

मग अडलं कुठे? पेशंट असतो हिमॅटॉलॉजिस्टकडे (रक्ताच्या आजारांचा डॉक्टर) किंवा कॅन्सरच्या फिजिशियनकडे. हे औषध द्यायचं न्यूक्लिअर मेडिसिनवाल्याने, ज्याच्याकडे किरणोत्सारी पदार्थ हाताळायचा परवाना आहे. म्हणजे आपला पेशंट दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि आठव्या आठवड्यात प्लेटलेट पडल्या की पुन्हा आपणच सांभाळायचं. रितुक्सिमॅब त्याच डॉक्टरच्या डे-केअरमध्ये सलाइनसारखं लावता येतं. कोण कशाला दोन विभागांत खेटे घालेल? औषध आदल्या दिवशी तयार करून ठेवता येत नाही, पावणेतीन दिवसांत निम्मं होतं. विमान चुकलं तर डोस गेला. त्यात विम्याचे घोळ. तेवढ्यात गोळ्या आल्या, नव्या अँटिबॉडी आल्या.

हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं. चांगलं शस्त्र दोन खोल्यांच्या मधल्या पॅसेजमध्ये पडून राहिलं.

भारतात या दिशेने काहीच नाही असं मात्र समजू नका. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ आणि आयोडीन-१३१ दोन्ही तयार होतात. रितुक्सिमॅबला ल्युटेशियम जोडण्यावर भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी काम प्रसिद्ध केलं आहे. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटना ल्युटेशियम दिलं जातं, तोच विचार, फक्त अँटिबॉडीच्या जागी छोटा रेणू. पण बाबांसाठी या महिन्यात हातात काय आहे, असं विचाराल तर झेव्हॅलिनच्या मागे धावण्यात आठवडे जाऊ देऊ नका.

संत्राबाग | गुरुवार, सकाळी ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. बायोप्सी आणि मॅरो काल झालं. बाबा मॅरोच्या सुईला एवढंच म्हणाले, "बोअर मारल्यासारखं वाटलं."

ब्लॉकचं विचारलंत ते बरं झालं. २०१९ मध्ये जिथे तपासणी केली त्या लॅबमध्ये गेले होते. आधी म्हणाले पाच वर्षांचं जुनं आम्ही ठेवत नाही. रजिस्टर पाहा म्हटलं तर म्हणाले शनिवारी या. माझ्याकडे तेव्हाचा बायोप्सी नंबर होता, रिपोर्टच्या कोपऱ्यात लिहिलेला. तो दाखवून तिथेच बाकावर बसून राहिले. अडीच तासांनी एका मुलाने आतून डबी आणून दिली. ब्लॉक होता. मागितला नसता तर टाकून दिला असता, ही रुखरुख मनातून जात नाही.

मेणाचाब्लॉक | गुरुवार, सकाळी ९:४०

शाब्बास. आता एक करा, तो गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. ते मेण साठ अंशांच्या आत-बाहेर वितळतं आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या असलेल्या गाडीत नागपुरात तेवढं तापमान सहज होतं. घरात थंड, कोरड्या जागी ठेवा.

वर्धारोड | गुरुवार, दुपारी १२:१५

पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. महात्मा जोतिबा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मदत आहे, रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. केमो आणि रेडिएशन दोन्हीची पॅकेज त्यात आहेत, पण कोणतं औषध बसतं ते उपचार सुरू व्हायच्या आधी विचारायचं. नंतर विचारलं तर काही होत नाही.

दुसरं मत हवं असेल तर लगेच परळला धावायची गरज नाही. 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांचं लेखी मत मिळतं, रिपोर्ट अपलोड करायचे. आम्ही वडिलांच्या वेळी विदर्भ एक्स्प्रेसने सात वेळा गेलो, त्यातल्या चार खेपा फक्त कागद दाखवायला होत्या. नागपुरातच जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, मानेवाडा रोडला राष्ट्रसंत तुकडोजी आहे, मिहानला एम्स. उपचार इथं आणि मत तिथलं, असंही करता येतं.

आणि डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. पाचच. आधी तो कागद त्यांच्या समोर ठेवायचा. मी हे सातव्या खेपेला शिकलो.

बकुळ | गुरुवार, रात्री ८:२०

त्या पाचात एक प्रश्न हाही घ्या: "हा उपचार घेतला तर पुढच्या वेळी कोणतं दार बंद होतं?" दिरांच्या मॅरोला झेव्हॅलिननंतर जो थकवा आला, त्यामुळे पुढचं औषध कमी मात्रेत द्यावं लागलं होतं. आम्हाला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. फॉलिक्युलरमध्ये पुढची वेळ येतेच असं धरून चालायचं असतं.

संत्राबाग | नऊ दिवसांनी, शनिवार रात्री

रिपोर्ट आले. रूप बदललेलं नाही, फॉलिक्युलरच, सीडी२० पॉझिटिव्ह. हेपटायटिस बी निगेटिव्ह. प्लेटलेट १ लाख १२ हजार. मॅरोत ४० टक्के.

तो ४० आकडा पाहिला आणि मला या धाग्यातला २५ आठवला. लॅबच्या जिन्यातच बसले मी. पण मग जरा वेळाने हलकंही वाटलं. आईला आता उत्तर देता येत होतं, तेही "कोणी देत नाही" असं नाही. बाबांच्या हाडात आजार जिथं आहे तिथंच ते औषध जाऊन बसलं असतं, म्हणून त्यांना नाही. आईने दोनदा विचारलं आणि समजून घेतलं. ती बागेतली बाई आहे. झाड अशक्त असलं तर फवारणी कितीही चांगली असो, द्यायची नाही, हे तिला मला शिकवायला लागत नाही.

प्रश्न कागदावर लिहून नेले. तेच डॉक्टर, तीच गर्दी. कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला, पेन ठेवलं आणि वीस मिनिटं बोलले. त्यांनीही मॅरोचंच कारण सांगितलं. म्हणाले, प्लेटलेट दीड लाख आणि मॅरो स्वच्छ असती तर मी तुम्हाला मुंबईत चौकशी करायला लावली असती. मागच्या वेळी हे का सांगितलं नाही असं मी विचारलं नाही, मनात आलं होतं.

ठरलं ते असं. जांघेच्या गाठीवर बाहेरून रेडिएशन, फक्त दोन दिवस, रोज २ ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), एकूण ४. आमच्याकडे सगळे याला शेक म्हणतात. मला वाटलं एवढ्याशाने काय होणार? डॉक्टर म्हणाले, हा लिम्फोमा किरणांना फार मऊ असतो. २०१४ मध्ये इंग्लंडमधली चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात २४ ग्रे घेतलेल्यांपैकी ९१ टक्क्यांमध्ये गाठी कमी झाल्या आणि ४ ग्रे घेतलेल्यांपैकी ८१ टक्क्यांमध्ये. २४ चा परिणाम जास्त टिकतो, पण बाबांना पुढे सगळ्या अंगाचं औषध द्यायचंच आहे, जांघेतली गाठ कमी करून फक्त पायाची वाट मोकळी करायची आहे. त्याआधी डॉप्लर करून शिरेत गुठळी नाही ना ते पाहिलं. नव्हती.

मग लेनालिडोमाइडच्या गोळ्या आणि रितुक्सिमॅब. गोळी २१ दिवस, मग ७ दिवस सुट्टी, असे बारा महिने. गोळीने रक्त घट्ट व्हायची भीती असते म्हणून बरोबर ॲस्पिरिन. २०१९ च्या चाचणीत नुसत्या रितुक्सिमॅबने आजार साधारण चौदा महिने थांबला आणि दोन्ही मिळून एकोणचाळीस. बाबांनी विचारलं, "घरून घेता येईल?" गोळी घरून, सलाइन नागपुरात. "मग चालते," म्हणाले.

गॅमाकॅमेरा | रविवार, सकाळी ७:३०

हे ऐकून खूप बरं वाटलं. शेक झाल्यावर दोन-तीन आठवडे थांबा, लगेच मोजपट्टी घेऊन बसू नका. गाठ हळूहळू उतरते. आणि पाच वर्षांनी हीच वेळ आली तर मॅरोचा आकडा पुन्हा पाहा, तोपर्यंत तुर्भ्याचं काम कुठवर येतं तेही कळेल. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून तयार झालेल्या कार-टी पेशींना (पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देतात तो उपचार) आपल्या देशात २०२३ मध्ये परवानगी मिळाली, दहा वर्षांपूर्वी मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

संत्राबाग | पाच आठवड्यांनी, गुरुवार रात्री

शेकाला आज बत्तीस दिवस झाले. दोन्ही दिवस टेबलवर जेमतेम दहा मिनिटं, बाबांना काही जाणवलंसुद्धा नाही. तिसऱ्या आठवड्यापासून सूज उतरायला लागली. काल संध्याकाळी त्यांनी चप्पल काढली तेव्हा मी मुद्दाम पाहिलं. खाच नव्हती. गोळीची पहिली फेरी संपली, प्लेटलेट ९४ हजार, डॉक्टर म्हणाले मात्रा तीच ठेवू. मानेतली गाठ अजून हाताला लागते. पुढचं रक्त सोमवारी.

जुनीशुक्रवारी | गुरुवार, रात्री ११:००

पोरी, लय बरं वाटलं. आईला सांग. आणि तो ब्लॉक कुठं ठेवला तू? एवढ्या उन्हात पघळून नको जाऊ देऊ बाप्पा.

संत्राबाग | गुरुवार, रात्री ११:२०

काका, मी आधी सातबाऱ्याच्या फायलीबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. बाबांनी तो तिथून काढला. स्वयंपाकघरात माठाच्या वर भिंतीत एक कोनाडा आहे, तिथे काचेच्या बरणीत घालून, झाकण लावून ठेवला आहे. बरणीवर त्यांनी स्वतः पट्टी चिकटवून २०१९ चा नंबर लिहिला आहे. नव्या बायोप्सीचा ब्लॉक शनिवारी आणायला जाणार आहे.